दोन राज्यांचे पेपर आणि नववीचा एक वर्ग

(मंचेरियलच्या बैठकीत केलेलं भाषण. पेजवर टाकायला सांगितलं म्हणून लिहून काढलं. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

समोर बरेच शिक्षक बसलेत, काही पालक आहेत आणि मागच्या रांगेत माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी हसायला तयार बसल्यात. मी राज्यशास्त्र शिकते. शिकवायचा अनुभव म्हणाल तर फक्त अडीच महिन्यांचा. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर मी दर शनिवारी सीमेजवळच्या एका सरकारी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात जात होते. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण त्यात एक-दोन गोष्टी अशा आहेत की उगाच कोणाला त्रास नको. तिथल्या सोशलच्या सरांनी मला नववीचा एक तास दिला होता. काम एवढंच की पेपरातली ताजी बातमी घेऊन यायची आणि ती पुस्तकातल्या धड्याला लावून दाखवायची.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली, ते आधी सांगते.

जुलैच्या मधोमध महाराष्ट्राचे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं की जिवती तालुक्याला लागून असलेली वादातली १४ गावं महाराष्ट्रात पूर्णपणे घेतली जातील. आपल्या सगळ्यांच्या फोनवर ती बातमी फिरली. माझ्या डोक्यात आलं, यापेक्षा चांगला धडा कुठला! राज्य म्हणजे काय, सीमा कोण ठरवतं, नागरिक कोणाचा, सगळं एका बातमीत. राजुऱ्याच्या मामाने चंद्रपूर आवृत्तीच्या पानाचा फोटो पाठवला, मी त्याच्या चाळीस जेरॉक्स काढल्या आणि गेले. मुलांनी बातमी मोठ्याने वाचली. मी विचारलं, इथलं कोणाला काही माहीत आहे का? तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि अगदी सहज म्हणाला, "अक्का, माझ्या मामाच्या गावी दोनदा मत देतात. इकडचं बी कार्ड हाय, तिकडचं बी."

वर्ग हसला. आणि सर ताडकन म्हणाले, "बस खाली. घरच्या गोष्टी इथं नको."

मला तेव्हा सरांचा राग आला. वाटलं, पोरगं पहिल्यांदा खरं बोललं आणि यांनी तोंड बंद केलं. तास संपल्यावर सर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि विचारलं, "तू राज्यशास्त्र शिकतेस ना? मग त्याचा मामा काय करतो ते कायद्यात काय आहे, सांग." मग मला कळलं.

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा. त्याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांच्या यादीत असता येत नाही. कलम ३१ प्रमाणे यादीत नाव घालताना खोटी माहिती दिली तर शिक्षा आहे. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ म्हणतं की एकाच सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्हीकडची मतं बाद. म्हणजे मी चाळीस पोरांसमोर एका चौदा वर्षांच्या मुलाकडून त्याच्या मामाचा गुन्हा वदवून घेतला होता, आणि वर त्याला शाबासकी द्यायला निघाले होते.

आता तुम्ही म्हणाल, त्या गावांची गोष्ट तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर ही नावं दर निवडणुकीला टीव्हीवर येतात. दोन सरपंच, दोन रेशन कार्ड, दोन शाळा. खरंय. २०१९ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे ११ एप्रिललाच मतदान होतं. २०२४ ला चंद्रपूरला १९ एप्रिल आणि आदिलाबादला १३ मे. मधे तीन आठवड्यांचं अंतर, बोटावरची शाई फिकट व्हायला पुरेसं. तेलंगणा विधानसभा ३० नोव्हेंबर २०२३, महाराष्ट्र विधानसभा २० नोव्हेंबर २०२४. माणसं दोन्हीकडे गेली, कारण दोन्हीकडच्या सरकारांनी त्यांना कार्डं दिली, आणि एक कार्ड सोडलं तर त्या बाजूची पेन्शन, रेशन, जमिनीचा कागद हातचा जाईल अशी भीती आहे. हा माणसांचा लबाडपणा नाही. दोन राज्यांनी मिळून तयार केलेली परिस्थिती आहे. पण टीव्हीवाल्याला एखादा म्हातारा स्वतःच्या मर्जीने सांगतो, आणि वर्गात एक पोरगं मास्तरणीला खूष करायला सांगतं, यात फरक आहे. तो फरक मला कोणत्याच पुस्तकात वाचायला मिळाला नव्हता.

पुढच्या शनिवारपासून मी एक नियम केला. बातमी आणायची, पण मुलाला "तुमच्या घरी कसं आहे" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. स्वतःहून बोललं तर ऐकायचं आणि गोष्ट नाव-गावापासून लांब न्यायची. "समजा एक गाव आहे" असं म्हणून. गंमत म्हणजे "समजा" म्हटल्यावर मुलं जास्त बोलतात.

मग दुसरी अडचण. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, बाई, इथं राजकारण आणू नका, टेंथचा रिझल्ट महत्त्वाचा आहे. त्यांचं अगदीच चूक नाही. मराठी माध्यमाच्या शाळेवर आधीच पटसंख्येची तलवार टांगलेली असते, त्यात गावातल्या कुठल्या पुढाऱ्याने तक्रार केली तर? पण त्यांना मी एक गोष्ट दाखवली आणि तीच आज इथल्या शिक्षकांनाही दाखवते. आपल्या तेलंगणाच्या एस.सी.ई.आर.टी.च्या सोशलच्या पुस्तकात सुरुवातीलाच विद्यार्थ्याला काय काय यायला हवं याची यादी आहे. संकल्पना समजणं, मजकूर वाचून अर्थ लावणं, माहिती गोळा करणं, नकाशा. आणि त्यातच एक आहे: समकालीन प्रश्नांवर विचार करणं आणि प्रश्न विचारणं. सरकारनेच लिहून दिलंय. पेपरातही त्यावर प्रश्न येतो. शिवाय फॉर्मेटिव्हला प्रोजेक्ट असतंच. आपण काय करतो, तर थर्मोकोलवर संसद भवन चिकटवतो. त्याऐवजी दोन कात्रणं चिकटवली तर कोणाचा रिझल्ट बुडणार आहे?

मुख्याध्यापक म्हणाले, बरं, पण १४ गावं नको. मी हो म्हटलं. माझ्या पहिल्या तासानंतर नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही, हेही सांगते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एन.सी.ई.आर.टी.ची जी नववी-दहावीची लोकशाही राजकारणाची पुस्तकं आली, त्यांचे मुख्य सल्लागार होते आपले पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. त्या पुस्तकांत व्यंगचित्रं होती, बातम्या होत्या, उन्नी आणि मुन्नी ही दोन पोरं मधेमधे आगाऊ प्रश्न विचारायची. नववीच्या पुस्तकात धड्याशेवटी "चला वर्तमानपत्र वाचू" असा वेगळा भागच होता. त्याच मालिकेतल्या अकरावीच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. दोघांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुण्याच्या ऑफिसात तोडफोड झाली. म्हणजे बघा, मुलांच्या पुस्तकात खरं राजकारण आणायची किंमत काय असते ते एका मराठी प्राध्यापकाला चांगलंच ठाऊक आहे. आमचे मुख्याध्यापक घाबरले तर त्यांना हसायचं कारण नाही.

आता जे जमलं ते सांगते.

ऑगस्टच्या शेवटी मेडिगड्डा पुन्हा बातम्यांत आलं. मंचेरियलच्या लोकांना मेडिगड्डा काय ते सांगायला नको. २१ जून २०१९ ला उद्घाटन झालं, महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही व्यासपीठावर होते. २१ ऑक्टोबर २०२३ ला खांब खचले. ३१ जुलै २०२५ ला न्यायमूर्ती घोष आयोगाने अहवाल दिला, ऑगस्टअखेर विधानसभेत चर्चा झाली आणि चौकशी सी.बी.आय.कडे द्यायचं ठरलं. मी एक तेलुगू पेपर घेतला. मराठीत त्या आठवड्यात काहीच सापडेना, म्हणून मामाकडून सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची एक जुनी बातमी मागवली.

वर्गाचे दोन भाग केले. एकाला तेलुगू कात्रण, दुसऱ्याला मराठी. २०१८ च्या कायद्याने आपल्या राज्यात सगळ्या शाळांना तेलुगू सक्तीचं झालं, त्यावर आपलं म्हणणं काहीही असो, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. बाजारात बोलून बोलून ज्यांचं तेलुगू पक्कं आहे अशी चार पोरं, जी एरवी मागे बसतात, ती पुढे आली. फळ्यावर मी फक्त चार प्रश्न लिहिले. बातमीत कोण बोलतंय? कोणाबद्दल बोलणं चाललंय, पण तो स्वतः बोलत नाही असं कोण आहे? कुठल्या गावांची नावं आहेत? आणि सरकार म्हणजे कुठलं सरकार?

तेलुगू गटाने सांगितलं: मुख्यमंत्री बोलतात, आधीचे मुख्यमंत्री, इंजिनियर, आयोग. कोट्यवधी रुपये. गावांची नावं जवळपास नाहीत. मराठी गटाने सांगितलं: शेतकरी बोलतात, तहसीलदार बोलतो. गावांची नावं भरपूर. पाण्याखाली गेलेली जमीन, भरपाई. आयोग नाही, खांब नाहीत.

एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अक्का, हे एकच धरण हाय का?"

त्या प्रश्नासाठी अडीच महिने गेले असते तरी चाललं असतं.

एकच आहे. त्याचं एक टोक तेलंगणात, दुसरं सिरोंचा तालुक्यात. २३ ऑगस्ट २०१६ ला दोन राज्यांत करार झाला आणि पाण्याची पातळी १०० मीटर ठरली. मग पुस्तकातला धडा आपोआप उघडला. पाणी हा राज्यसूचीतला विषय, नोंद १७. पण दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीचं नियमन संघसूचीत, नोंद ५६. भांडण झालं तर कलम २६२ आणि लवाद. गोदावरीचा बच्छावत लवाद, १९८० चा निवाडा. हे सगळं मी कॉलेजात पाठ केलं होतं, आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं असं त्या दिवशी वाटलं. कारण एक मुलगा म्हणाला की पाणी तर आपल्याकडं पण शिरतं, चेन्नूर-कोटपल्लीकडं, मग ती शेतं कुठल्या पेपरात? दोन्ही कात्रणं पुन्हा पाहिली. कुठल्याच नाही.

इथे जरा थांबते, कारण मला आज सांगायचं आहे ते हेच. सीमा आपण नकाशावर बघतो, पण ती पेपरातही असते. आपल्या तेलुगू दैनिकांनी जिल्ह्या-जिल्ह्याची वेगळी छोटी पानं काढायची रीत १९८० च्या दशकाच्या शेवटी पाडली. ईनाडू त्यात पुढे होतं. त्याने खेड्यातल्या माणसाचं नाव पेपरात आलं, चांगलंच झालं. मराठी पेपरांच्याही जिल्हा आवृत्त्या आहेत. पण त्यामुळे मंचेरियलची बातमी मंचेरियलच्या पानात आणि गडचिरोलीची गडचिरोलीच्या. प्राणहितेच्या अलीकडचं पाणी एका पानात, पलीकडचं दुसऱ्या. दोन्ही पानं एका टेबलावर कधी येतच नाहीत. आपल्या घरात, जिथे आजी मराठी, शाळा तेलुगू आणि जावई बल्लारशाहचा, तिथेही येत नाहीत. ती एकत्र यायची जागा शाळा असू शकते, आणि इथली शाळाच, हैदराबादची नाही की नागपूरची नाही. या एका गोष्टीत आपली पोरं त्यांच्या पुढे आहेत आणि आपण त्यांना कमीपणा वाटायला लावतो.

शब्दांचा एक किस्सा. मराठी बातमीत "पंचायत समितीचा सभापती" आला. वर्गात कोणालाच कळेना. आपल्या पुस्तकात मंडल आहे, मंडल प्रजा परिषद आहे. १९८५ ला एन.टी.आर.च्या सरकारने तालुके मोडून मंडलं केली, तिकडे तालुका तसाच राहिला. म्हणजे मराठी पोराला मराठी बातमी वाचताना अडलं आणि तेलुगू बातमीत "मंडल" लगेच कळलं! मुलांनी मग एक वही केली. एका बाजूला इकडचा शब्द, दुसऱ्या बाजूला तिकडचा. सरपंचाचं पान सगळ्यात मजेदार झालं. महाराष्ट्रात सरपंच थेट लोकांमधून निवडायचं २०१७ ला ठरलं, २०२० ला रद्द झालं, २०२२ ला परत आलं. एका पोराने पेन्सिलने खाली लिहिलं होतं, "पुन्हा बदलेल, म्हणून पेनने लिहिले नाही."

सप्टेंबरात मात्र मी एक बातमी आणली नाही. त्यावर माझं आणि सरांचं अजून एकमत नाही. २ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा निर्णय काढला. लगेच तिकडच्या बंजारा समाजाने त्याच गॅझेटवरून एस.टी.ची मागणी केली आणि आदिवासी संघटना विरोधात उतरल्या. इकडे लंबाडा १९७६ पासून एस.टी.त आहेत, तिकडे तोच समाज विमुक्त जातींत. एका तांड्यातल्या दोन भावांपैकी एक इकडे राहिला, एक तिकडे गेला, तर दोघांची सरकारी जात वेगळी. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला यापेक्षा मोठी बातमी कुठली? पण त्या वर्गात गोंड मुलं आहेत, कोलाम आहेत, तांड्यावरचीही आहेत. डिसेंबर २०१७ ला उटनूरला काय झालं, किती दिवस शाळांवर त्याचं सावट होतं, ते इथल्या शिक्षकांना माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. सर म्हणाले, आणूया, पोरं पेपरात वाचतातच. मी म्हटलं, मला सांभाळता येणार नाही. पहिल्या तासाचा मुलगा डोळ्यांसमोर होता. मी बरोबर होते की भित्री, ते मला सांगता येत नाही.

जर्मनीत १९७६ ला ब्यूटल्सबाख नावाच्या गावी राजकारण शिकवणाऱ्या लोकांची एक बैठक झाली. त्यातून जे सूत्र निघालं ते तिथल्या शाळा अजून मानतात. त्यात एक आहे की शिक्षकाने आपलं मत मुलाच्या गळ्यात मारायचं नाही. दुसरं, समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गात वाद म्हणूनच यायला हवं, निकाल लागल्यासारखं नाही. हिटलरच्या काळातून गेलेल्या देशाने हे शिकून घेतलं. आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही, पण त्यावरून मला आपल्या संघटनेलाच एक गोष्ट विचारायची आहे. रागावू नका.

आपण आपली पत्रकं शाळांमध्ये वाटतो. मीही वाटलीत. त्यात लिहिलेलं असतं की १४ गावं महाराष्ट्राची आहेत. माझंही तेच मत आहे. तिथली मुख्य भाषा मराठी आहे, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली माणसं तिथे राहतात. बाजूचा राजुरा तालुकाच १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला आणि १९५९ ला चांद्याला गेला. ही सगळी माहिती मी कुठेही उभी राहून सांगेन. पण तेलंगणाचं म्हणणं काय आहे हे आपल्या एकाही पत्रकात नाही. तेलंगणाने तिथे रस्ते, शाळा, शेतीचे पैसे दिले आणि गावातल्या काही लोकांना इकडेच राहायचंय, हेही नाही. फेब्रुवारी २०२३ ला केसीआरनी नांदेडला सभा घेतली त्याच्या आगेमागे नांदेडच्या सीमेवरचीच काही गावं तेलंगणात जायचं म्हणत होती. मराठी गावं! रयतू बंधूचे एकरी पैसे त्यांना दिसत होते. ती बातमी आपण पेजवर टाकली नाही. नववीतलं पोरगं फोनवर दोन मिनिटांत ती शोधून काढतं आणि मग आपलं खरंही त्याला खोटं वाटायला लागतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की पत्रकं मोठ्यांना वाटू, सभेत वाटू. वर्गात मात्र दोन्हीकडची कात्रणं जाऊ देत आणि त्यासोबत आपलं पत्रकही तिसरं कात्रण म्हणून जाऊ दे. पोरांना तेच चार प्रश्न त्यालाही विचारू देत. यात कोण बोलतंय, कोण बोलत नाही. शेवटच्या शनिवारी मी असं करून बघितलं. मुख्याध्यापकांना विचारून, १४ गावांचं नाही, आपल्या मराठी शाळांच्या मागणीचं पत्रक. कलम ३५० क, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, सगळं नीट लिहिलेलं होतं. मुलांनी वाचलं. "कोण बोलत नाही?" या प्रश्नावर एकीने हात वर केला आणि म्हणाली, "आम्ही."

खरंच होतं. पूर्ण पानभर मजकुरात एकाही विद्यार्थ्याचं वाक्य नव्हतं. ते पत्रक मी लिहिलं होतं.

आता कामाचं बोलते आणि बसते. जानेवारीपासून दोन शाळा हा तास करायला तयार आहेत. तेलुगू पेपर इथे मिळतो. अडचण मराठीची आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली आवृत्तीची पानं दर गुरुवारपर्यंत फोटो काढून पाठवणारं कोणीतरी हवंय. राजुऱ्याच्या मामाला आता मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, त्याचे फोटो हलतात. शिवाय शाळेमागे चाळीस जेरॉक्स, पानाला दोन रुपये. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. आणि शिक्षकांपैकी कोणी हैदराबाद गॅझेटचा तास घ्यायला तयार असेल, तर मला मागच्या बाकावर बसून तो बघायचाय.